काका डॉट खिडकी उघड, कंसात अर्धी

क्लास चालवणाऱ्याकडे किस्से कसे साठतात सांगू? कीबोर्डखाली कचरा साठतो ना, तसे. रोज दिसत नाहीत. एखाद्या दुपारी कीबोर्ड उलटा करून झटकला की शेंगदाण्याचं साल पडतं, तांदळाची कणी पडते, बांगडीचा तुकडा पडतो. आणि कोणाचं काय ते मला लगेच आठवतं.

माझा कॉम्प्युटर क्लास शहापूरला, एसटी स्टँडजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. सकाळच्या बॅचला कॉलेजची पोरं असतात, ती फटाफट शिकतात आणि विसरतात. मला आवडते ती दुपारची बॅच. जेवणं झालेली, खालच्या दुकानात कोणीतरी पातेल्यावर नाव कोरतंय त्याची टिकटिक, खिडकीत उन्हानं पुसट झालेला माहुलीचा डोंगर. त्या वेळी शिकवणारी अर्धी झोपेत आणि शिकणारे पाऊण झोपेत. जे शिकवलं ते खरंच शिकवलं की स्वप्नात, याची माझी मलाच खात्री नसते.

यंदा दुपारी पायथन होतं. ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, पायथनमध्येही क्लास असतो. तो क्लास म्हणजे साचा. साच्यातून निघालेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. त्या वस्तूला करता येणारं काम म्हणजे मेथड. आधी वस्तूचं नाव, मग टिंब, म्हणजे डॉट, मग काम, अशी तिला हाक मारायची. आणि काम सांगताना कंसात जे द्यायचं, किती, कसं, कुठे, ते आर्ग्युमेंट. एवढ्यावर पुढचं सगळं कळेल. मला एवढं कळायला एक अख्खा पावसाळा लागला होता.

बॅचमध्ये तिघं. भातसानगरचे काशिनाथ काका, धरणावर गेट ऑपरेटर होते, आता रिटायर. खर्डीचा सुमेध, ग्रॅज्युएट, नोकरीच्या शोधात. आणि धसईची रंजना, जिच्यामुळे हे सगळं सांगायला बसले.

* * *

रंजना पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमी येऊ का?"

मी म्हटलं, या. आणि तिच्या मागे कोण कोण आहे ते बघायला मान वाकडी केली. जिन्यात कोणीच नव्हतं. ती एकटीच होती, दोन एसट्या बदलून आली होती.

मग कळलं, ती स्वतःला 'आमी'च म्हणते. आमी जेवलो. आमचं डोकं दुखतंय. निघताना, "आमी येतो, मॅडम." सासर भाजीवाल्यांचं, घरात माणसं भरपूर, बारावीनंतर लगेच लग्न. मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअरच्या ऑफिसात प्रोग्रामचं थोडं काम येणारं माणूस घेणार आहेत, असं तिच्या कानावर आलं होतं. धसईहून मुरबाडला सरळ एसटी. तिला ती नोकरी हवी होती. किती हवी होती हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण दोन एसट्या बदलून रोज येणाऱ्या बाईला वेगळं काय विचारायचं?

तर पहिला प्रोग्राम. तिनं टोपलीचा क्लास केला, त्यात 'उचल' नावाची मेथड लिहिली आणि कंस रिकामा ठेवला. चालवला, तर स्क्रीनवर लाल अक्षरं.

"काय म्हणतंय ते?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. "म्हणतंय, एकही आर्ग्युमेंट घ्यायचं ठरलं नव्हतं, आणि एक दिलं गेलं."

ती दोन्ही हात वर करून म्हणाली, "आमी कायच नाय दिलं. देवाशप्पथ, मॅडम."

मी सांगितलं, अगं, तू नाही दिलंस. ज्या टोपलीला हाक मारलीस ती टोपली स्वतःच आधी आत जाते. तिच्यासाठी कंसात पहिली जागा ठेवायची असते, तिला सेल्फ म्हणायचं. हाक मारताना ती लिहायची नसते, पण मेथड बनवताना लिहावीच लागते.

रंजनानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सेल्फ विसरली. तिसऱ्या दिवशीही. "ती आपनहून आत जाते तर जाऊ दे ना," ती म्हणाली. "जागा कशाला धरायची? घरातलंच मानूस हाय."

* * *

काकांचा घोळ बरोबर उलटा. त्यांनी अर्थातच धरणाच्या गेटचा क्लास केला. मेथडचं नाव 'उघड', कंसात सेल्फ आणि किती. झकास. पण हाक मारताना लिहिलं, गेट डॉट उघड, आणि कंसात पुन्हा गेट, मग अर्धा.

लाल अक्षरं आली. दोन मागितली होती, तीन दिली गेली.

मी म्हटलं, "काका, गेटला एकदा हाक मारलीत ना? मग कंसात परत कशाला?"

काकांनी चष्मा काढला. "मॅडम, धरनावर एकदा सांगून गेट उघडत नाय. फोनवर कोन गेट ते सांगायचं, समोरच्यानं परत म्हनायचं, आपन परत ऐकायचं, मंग हात लावायचा. खाली गावं हायेत."

"इथे खाली गावं नाहीत, काका."

"ते तुमाला काय माहीत," काका म्हणाले, "ह्या पायथनच्या खाली काय हाय ते?"

काका अजूनही प्रत्येक गेटला दोनदा हाक मारतात, मग एक खोडतात.

* * *

शहापूरला दुपारी लाईट जाते. इन्व्हर्टर म्हातारा झालाय, तो फक्त शिट्टी मारतो.

लाईट गेली की आधी पंखा हळूहळू थांबतो, मग स्क्रीन काळे होतात, आणि मग खालच्या पातेल्यावरची टिकटिक एकदम जवळ आल्यासारखी वाटते. एका अशा दुपारी मी डोळे मिटूनच म्हटलं, चला, तोंडी करू. आपणच सगळे ऑब्जेक्ट. काका डॉट खिडकी उघड, कंसात अर्धी.

काका उठले आणि त्यांनी खिडकी अर्धी उघडली. बरोबर अर्धी, हातानं मोजून. बाहेरून भाताच्या खाचरांचा ओला वास आत आला. मला ते इतकं आवडलं, की पुढे लाईट जायची मी वाटच बघायला लागले.

त्या खेळाची सगळ्यांना सवय लागली. डोळे मिटलेले, आवाज हळू, आणि एकमेकांना हाका. रंजना डॉट सांग, कंसात आज बाजारात काय आलं. मग रंजना सांगायची, काकडी, शिराळी, कंटोळी, आणि ती ज्या गावांवरून आली त्या गावांची नावं. ऐकता ऐकता ती गावं डोळ्यांपुढे येत.

एकदा सुमेध खरंच झोपला. मी म्हटलं, "सुमेध डॉट जागा हो. कंस रिकामा."

सुमेध डोळे न उघडता म्हणाला, "एरर, मॅडम. एक आर्ग्युमेंट कमी पडतंय."

"कोणतं?"

"कशासाठी."

झोपू दिलं त्याला.

* * *

खाली भाऊंची चहाची टपरी. सुमेधनं भाऊंशी ठरवून टाकलं होतं, की खिडकीतून नुसते दोन आकडे ओरडायचे. पहिला ग्लासांचा, दुसरा त्यातल्या बिनसाखरेच्यांचा. "भाऊ, चार, एक!" की चार चहा, त्यातला एक काकांचा, कारण काकांना शुगर.

एकदा भाऊ लग्नाला गेले आणि टपरीवर वहिनी बसल्या. सुमेध ओरडला, "चार, एक!" वर आला एकच ग्लास. त्यात चार चमचे साखर.

वहिनींचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात आधी साखर, मग ग्लास. आर्ग्युमेंटचं हेच असतं, नुसती जागेवर दिली तर ज्याची त्याची जागा ज्याच्या त्याच्या डोक्यात. हे मी फळ्यावर लिहून समजावत होते, तेवढ्यात काकांनी तो ग्लास उचलून एक घोट घेतलासुद्धा. रंजना ओरडेपर्यंत दुसराही घेतला.

डोळे मिटून काका म्हणाले, "अख्ख्या नोकरीत एवढं गोड कोन बोललं नाय आमच्याशी."

त्यानंतर आम्ही आर्ग्युमेंट नावानिशी, मध्ये बरोबरचं चिन्ह घालून द्यायला शिकलो. सुमेध आता खिडकीतून ओरडतो, "ग्लास बरोबर चार, बिनसाखर बरोबर एक!" स्टँडवरचा एक कंडक्टर त्याला 'बरोबर' याच नावानं हाक मारतो.

* * *

मग मी सांगितलं, आपल्या घराचा क्लास करा. माणूस हा साचा, त्यातून घरातली माणसं बनवा, आणि त्यांना कामं सांगा.

रंजनानं सासूबाई बनवल्या, नणंद बनवली, दीर बनवला. नवऱ्यापाशी अडली. बराच वेळ कीबोर्डवर बोटं नुसती ठेवून बसली. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नाही हे आम्हाला माहीत होतं, पण टाईपही करणार नाही हे कळायला थोडा वेळ लागला.

शेवटी तिनं नाव दिलं, हे.

हे डॉट बाजारात जा, कंसात धसई. चालवला. चालला. नवरा विनातक्रार बाजारात गेला.

सुमेध खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "ताई, एक सांगू? दुसरी एक भाषा हाय, जावा. त्याच्यात सेल्फला काय म्हनतात माहितीये? दिस. इंग्रजीतलं दिस, म्हंजे हे."

रंजनानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खरं आहे.

"मंग ती भाषा शिकवा ना, मॅडम," ती म्हणाली. "ती आमाला लगेच येल."

* * *

भाद्रपदात रंजनाच्या सासूबाई डोळे दाखवायला शहापूरला आल्या आणि सूनबाई रोज कुठे जाते ते बघायला जिना चढून वर आल्या. गुडघे धरत, प्रत्येक पायरीला थांबत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या बसण्याची वाट बघत असल्यासारखी लाईट गेली.

सुमेधला उत्साह फार. तो म्हणाला, "रंजनाताई डॉट पाणी आन, कंसात आजींसाठी."

रंजना उठली, पाणी घेऊन आली. सासूबाई बघतच राहिल्या. "आमच्याकडं हिला चार येळा सांगावं लागतं गो."

"कंसात नीट द्यावं लागतं, आजी," काका म्हणाले. "कोनासाठी ते."

मला वाटलं, छान रंगलंय. मी म्हटलं, "रंजना, आता तू आजींना एखादं आर्ग्युमेंट दे."

लाईट नसतानाही तिचा चेहरा पडलेला दिसला. "सासूबाईंना? आर्ग्युमेंट?" ती हळूच म्हणाली. "नको मॅडम. आमाला घरी जायचंय."

हसलो आम्ही, सासूबाईही हसल्या, न कळता. पण जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. रागावून नव्हे, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय, ते दिसतं. पन माझे गुडघे बगा. कापनीपर्यंत मी बाजारात बसते. कापनी झाली का हिनं बसायचं. तवर काय नोकरी लागली तर लागली. मंग नाय."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटलं. रंजना त्यांचा हात धरून जिना उतरली. खालून आवाज आला, "आमी येतो, मॅडम." त्या वेळी मात्र खरंच दोघी होत्या.

* * *

त्यानंतर मी तिला घासायला घेतलं. कारखान्यात परीक्षा होणार होती, समोर बसून प्रोग्राम लिहायचा. बाकी सगळं तिला येत होतं. कंसात काय द्यायचं, कोणत्या जागी, नाव लावून की न लावता, न दिलं तर काय धरायचं, सगळं. फक्त सेल्फ विसरायची.

सुमेधला एक युक्ती सुचली. त्यानं मराठी कीबोर्ड लावला आणि सेल्फच्या जागी लिहिलं, मी. चालवला, आणि चालला! पायथनला पहिल्या जागेशी मतलब, नावाशी नाही. "ताई, सेल्फ लक्षात ऱ्हात नाय ना, मग मी लिहा. मी तर कोन विसरत नाय."

रंजना खूश झाली. तिनं अख्खा प्रोग्राम नव्यानं लिहिला, एकही जागा न चुकवता. मी वाचायला घेतला. प्रत्येक मेथडच्या कंसात पहिलं नाव होतं, आमी.

आमी, भाजी, वजन. आमी, गिऱ्हाईक. टोपली एकच, पण आमी. तोही प्रोग्राम सुतासारखा सरळ चालला.

मी म्हटलं, "रंजना, चालतंय, पण कारखान्यात सेल्फ लिही. वाचणारा चक्रावेल. आणि सेल्फ म्हणजे एकच असतो. ज्याला हाक मारली, तेवढाच."

"एकटा?"

"एकटा."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. माहुलीच्या कड्यावर ऊन आलं होतं. "एकट्याला कोन हाक मारतं, मॅडम," ती म्हणाली. "आमच्यात एकाला हाक मारली का सगळी येतात."

खाली पातेल्यावर कोणाचं तरी नाव कोरत होते, ते ऐकत आम्ही दोघी बसून राहिलो.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी पाहिलेला नाही, रंजनानं सांगितला, तोही लाईट गेलेली असताना.

कापणी सुरू झाली होती. धसईकडच्या शेतांत भाताचे भारे पडले होते, आणि कारखान्याचं बोलावणं आलं. समोर तीन साहेब. मधले मोठे. कॉम्प्युटर लावला, रंजना खुर्चीत बसली, पहिला शब्द टाईप केला, आणि लाईट गेली.

आम्ही इकडे डोळे मिटून ऐकत होतो.

थोडा वेळ वाट बघून मोठे साहेब म्हणाले, "राहू दे, पुढच्या महिन्यात परत बोलावू." पुढचा महिना म्हणजे कापणी झालेली. पुढचा महिना म्हणजे बाजार.

रंजना उठली नाही. म्हणाली, "आमाला लाईट लागत नाय, साहेब. आमच्या क्लासला तोंडीच घेतात."

साहेबांना गंमत वाटली असावी. किंवा दुपार होती, त्यांनाही तेव्हा काही काम नसेल. त्यांनी विचारलं, "बरं, सांगा. मेथडमध्ये सेल्फ कशाला लिहायचा?"

"नेमकं तेच?" सुमेध म्हणाला.

"नेमकं तेच," रंजना म्हणाली. "आमच्या डोक्यात कायच नाय. नुसता अंधार. मग वाटलं, हितं तरी काय वेगळं हाय? लाईट गेलेली हाय, मानसं बसलेली हायेत."

"मंग?" काकांनी विचारलं.

"आमी डोळे मिटले. म्हटलं, साहेब डॉट उठा, कंसात हळू."

"बाई गो!" काका म्हणाले.

"ते उठले. हळू उठले. आमी विचारलं, साहेब, कंसात काय दिलेलं? ते म्हनले, हळू. मंग विचारलं, उठलं कोन? ते म्हनले, मी. मंग आमी म्हटलं, तुमाला तर आमी कंसात दिलं नव्हतं."

पंखा बंद, पातेल्याची टिकटिक बंद.

"साहेब तसेच उभे," रंजना म्हणाली. "बाजूचे दोघं त्यांच्याकडं बगतात. मंग साहेब म्हनले, बाई, आता मला बसवा."

"बसवलंस?" मी विचारलं.

"बसवलं ना. कंस रिकामा ठेवून."

काकांनी चष्मा काढून पुसला. सुमेधनं विचारलं, "पुढं काय झालं ते सांगा ना, ताई."

"काय नाय. विचारलं, सोमवारपासून जमेल का."

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरायला लागला, स्क्रीन उजळले, आणि आम्ही चौघं एकमेकांकडे डोळे किलकिले करून बघायला लागलो. रंजनानं घड्याळ बघितलं, तिच्या एसटीची वेळ झाली होती. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, आणि तिथे वळून म्हणाली,

"येते मी, मॅडम."